वाटेत हरवलेल्यांचा माग काढणारे जबलपूरचे कर्नल स्लीमन

जबलपूर, दि. 10 फेब्रुवारी : नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूर, तेथून मैहर, रीवा, मिर्झापूर आणि अखेर काशी, अशी दक्षिणेकडील यात्रेकरूंची शतकानुशतकांची वाट होती. या वाटेने निघालेला माणूस आपल्या देण्याघेण्याची निरवानिरव करून, मुलाबाळांना वडीलधाऱ्यांच्या हवाली करूनच उंबरठा ओलांडीत असे. तो परत येईल तेव्हा खरा, अशीच घरच्यांची समजूत असे. चार महिने, सहा महिने, वर्ष गेले तरी पत्र नाही, निरोप नाही, एवढ्यावरून कोणी कोतवालीत जात नसे. जाणार तरी कोणत्या गावच्या कोतवालीत? निघाल्याचे गाव ठाऊक असे आणि पोहोचावयाचे गाव ठाऊक असे. मधल्या दोनशे-चारशे कोसांत माणूस नेमका कोठे नाहीसा झाला, हे सांगणारे कोणी नसे. पटकी, वाघ, पूर, वैराग्य यांपैकी एखाद्या कारणावर मनाची समजूत घालून घरचे लोक वाट पाहत राहत आणि पुढे केव्हा तरी ती वाट पाहणे थांबत असे.

या नाहीशा झालेल्यांचा हिशेब प्रथम पद्धतशीरपणे मांडणारा अधिकारी म्हणजे मेजर जनरल सर विल्यम हेन्री स्लीमन. 10 फेब्रुवारी 1856 रोजी मायदेशी जाणाऱ्या जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. जबलपूर हे त्यांच्या कार्याचे खरे केंद्र. हिंदुस्थानात ते ‘ठगी स्लीमन’ म्हणूनच ओळखले गेले. या टोपणनावात गौरव किती आणि अतिशयोक्ती किती, याबद्दल अभ्यासकांमध्ये आजही वाद आहे. त्या वादाकडे पुढे वळावेच लागेल.

स्लीमन यांचा जन्म 8 ऑगस्ट 1788 रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन या गावी झाला. वडील अबकारी खात्यात होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1809 मध्ये, ते कंपनी सरकारच्या बंगाल लष्करात दाखल झाले. नेपाळच्या युद्धात त्यांनी भाग घेतला. लष्करातील बहुतेक गोरे अधिकारी हुकूम देण्यापुरती हिंदुस्थानी शिकत. स्लीमन यांनी मात्र फारसी व अरबीचाही अभ्यास केला आणि शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलण्याची सवय लावून घेतली. पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या सवयीत आहे.

1817-18 च्या अखेरच्या इंग्रज-मराठा युद्धानंतर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील नर्मदाकाठचा मुलूख कंपनीकडे गेला आणि ‘सागर व नर्मदा प्रांत’ या नावाने त्याचा कारभार सुरू झाला. 1820 मध्ये स्लीमन या प्रांतात मुलकी कामावर आले. 1822 मध्ये नरसिंहपूर जिल्हा त्यांच्या स्वाधीन झाला. तेथील दोन वर्षे त्यांनी अहोरात्र काम केले. आपल्या जिल्ह्यात चोरी झाली, दरोडा पडला किंवा कोणी संशयास्पद माणूस वस्तीला आला, तर ते आपल्याला कळल्यावाचून राहत नाही, अशी त्यांची खात्री होती.

ती खात्री किती पोकळ होती, हे त्यांना काही वर्षांनी कळले. त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत असलेल्या कंदेली या वस्तीत ठगांची एक टोळी राहत होती. सागरहून भोपाळला जाणाऱ्या रस्त्यावर एका मजलेवर मुंडेसूर नावाचे गाव आहे. तेथील दाट आमराया म्हणजे ठगांच्या सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी एक होत्या. वाटसरू तेथे सावलीला बसत आणि तेथेच पुरले जात. आपण रोज कचेरीत बसून न्याय करीत असताना हे सारे हाकेच्या अंतरावर चालले होते आणि आपल्याला त्याचा मागमूसही नव्हता, याची कबुली स्लीमन यांनी पुढे स्वतःच्या ग्रंथात छापून दिली. सरकारी अधिकारी आपल्या अज्ञानाची अशी जाहीर नोंद सहसा करीत नाहीत, म्हणून तिचे मोल अधिक.

ठगांची पद्धत साधी होती आणि म्हणूनच ती पकडणे कठीण होते. यात्रेकरू, व्यापारी, रजेवर निघालेले शिपाई किंवा कामाच्या शोधातले लोक असल्याची बतावणी करून ते वाटसरूंना गाठत. चोरांच्या भीतीने सोबत करू, असे म्हणत. कित्येक दिवस एकत्र चालत, एकत्र स्वयंपाक करीत, गाणी म्हणत. विश्वास पुरता बसला, जागा ठरली, की मागून गळ्याभोवती रुमाल आवळला जाई. रक्ताचा डाग नाही, आरडाओरडा नाही. खड्डे बहुधा आधीच खणलेले असत. प्रेते पुरून वरची जमीन सारखी केली जाई आणि टोळी पुढच्या मुक्कामाला निघून जाई. दक्षिणेत यांनाच फासेगार म्हणत. घराजवळ खून करावयाचा नाही, असा त्यांच्यापैकी पुष्कळांचा नियम होता. त्यामुळे मेलेला एका संस्थानचा, मारणारा दुसऱ्या, आणि प्रेत पुरलेले तिसऱ्याच राज्यात, असा प्रकार होई. फिर्याद कोणत्या दरबारात करावयाची, हाच प्रश्न उरे. फिर्याद करावयास कोणी जिवंतही नसे.

शिपायांच्या बाबतीत तर आणखी एक अन्याय होत असे. बंगाल लष्करातील शिपाई रजेवर घरी निघताना साठवलेला पगार कमरेला बांधून नेत. अशा कित्येकांचा रस्त्यातच घात झाला. रजेची मुदत संपली तरी शिपाई हजर झाला नाही, की पलटणीच्या दप्तरात तो फरारी ठरे. घरच्यांच्या हाती पैसा येत नसे आणि वर नाव डागाळे. 1810 मध्ये मेजर जनरल सेंट लेजर यांनी शिपायांना सावधगिरीचा लेखी इशारा दिला होता : रोख रक्कम बाळगू नका, अनोळखी सोबत स्वीकारू नका, पहाटेच्या अंधारात निघू नका. म्हणजे माणसे नाहीशी होत आहेत, हे वरिष्ठांना ठाऊक होते. शोध मात्र कोणी घेतला नव्हता.

विदर्भाशी निगडित एक प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी आजच्या अमरावती जिल्ह्यातील गाविलगड जिंकला. त्या लढाईत पडलेल्या किल्ल्यावरील अधिकाऱ्याचे आप्त व आश्रित पुढे नागपूरहून आपल्या उत्तरेतील गावाकडे निघाले. काफिला मोठा होता, म्हणून तो सुरक्षित समजला गेला. जबलपूरच्या वाटेवर त्याला सोबती भेटले आणि ते सोबती ठग होते. मजल दरमजल बरोबर चालून त्यांनी संधी साधली व सारा काफिला संपविला. ठगांच्या बोलीत ही घटना ‘साठ रूह’, म्हणजे साठ जीव, या नावाने प्रसिद्ध होती. जुन्या ठगांच्या तोंडून स्लीमन यांनी ती ऐकली आणि नोंदवून घेतली, तेव्हा कोठे एवढा मोठा समूह गेला कोठे, याचा उलगडा झाला. तोवर वीसहून अधिक वर्षे लोटली होती.

1828 मध्ये जबलपूर जिल्हा स्लीमन यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी, 21 जून 1829 रोजी, येथेच त्यांचा विवाह एमेली द फोंतेन या फ्रेंच सरदारकन्येशी झाला. राज्यक्रांतीत मालमत्ता गमावलेले हे घराणे मॉरिशसला होते. ऊस हे या विवाहामागचे निमित्त होते, असे जबलपुरात आजही गमतीने सांगितले जाते. त्यात तथ्य किती ते असो. पण मॉरिशसच्या जाड उसाची लागवड या भागात रुजविण्यासाठी स्लीमन यांनी मेहनत घेतली, हे खरे आहे.

1829 आणि 1830 ही वर्षे निर्णायक ठरली. पकडलेल्या काही ठगांना प्राणदानाचे आश्वासन मिळताच ते बोलू लागले. 1830 च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका नियतकालिकात विंध्याचलच्या देवीस्थानाचा व ठगांचा संबंध सांगणारे एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. ते स्लीमन यांचेच होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांच्या सरकारचे लक्ष त्यामुळे वेधले गेले आणि सागर-नर्मदा प्रांताचे एजंट एफ. सी. स्मिथ यांच्या पाठबळाने मोहीम उभी राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस फिरंगिया हा नामांकित जमादार हाती लागला. तो सापडला कसा, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. त्याची आई, पत्नी व मूल यांना स्लीमन यांनी आधीच अटकेत ठेवले होते. त्यांना सोडून दूर जाणे त्याला जमले नाही. ज्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता अशा बायकामुलांना ओलीस ठेवणे, हा या यशाचा पाया होता.

फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. आपली माहिती खरी असल्याची खूण म्हणून त्याने सलोदा गावच्या आमराईत जागा दाखविल्या. योगायोग असा, की त्याच आमराईत स्लीमन यांचा तळ होता. सोबत पत्नी व तान्हे मूल होते. तंबूंच्या आसपास खोदकाम सुरू झाले. एका खड्ड्यातून एक पंडित व त्याचे सेवक, दुसऱ्यातून एक हवालदार व त्याचे शिपाई, आणखी एकातून गंगाजळ वाहून नेणारे ब्राह्मण व एक स्त्री यांचे अवशेष निघाले. कोणी बारा वर्षांपूर्वीचे, कोणी सहा-सात वर्षांपूर्वीचे. हवालदार आणि त्याचे शिपाई फरारी झालेले नव्हते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

गंगेची कावड खांद्यावर घेऊन निघालेल्यांचा तो उल्लेख मराठी वाचकाला चटका लावणारा आहे. पुढे 1857 च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे असेच उत्तरेत गेले आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन सुखरूप घरी परतले. म्हणून ‘माझा प्रवास’ लिहिला गेला. जे परतले नाहीत त्यांचे प्रवास कोणी लिहिले नाहीत. त्यांच्यापैकी काहींच्या अखेरच्या मुक्कामाची नोंद झाली ती मारणाऱ्यांच्याच जबान्यांतून.

स्लीमन यांचे वेगळेपण त्यांनी या जबान्यांचे काय केले, यात आहे. प्रत्येक साक्षीदाराला वेगळे ठेवून त्याला माहीत असलेल्या मोहिमा, तारखा, साथीदार व जागा सांगावयास लावल्या जात. एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहिले जाई. ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी तयार झाल्या. रस्त्यांचे नकाशे काढून त्यांवर खुनाच्या जागा दाखविण्यात आल्या. ठग या जागांना ‘बेल’ म्हणत. अवधमध्ये कॅप्टन पेटन यांनी साक्षीदारांकडून केलेल्या नोंदीत सुमारे 1,400 मैलांच्या रस्त्यांवर अशा 274 जागा आढळल्या. सरासरी पाच मैलांवर एक! नावे, नातीगोती आणि स्थळे यांची ही जंत्री एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्याकडे पाठविली जाऊ लागली आणि संस्थानांच्या सीमांचा आडोसा कमी झाला. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश त्यांनी ‘रामासीआना’ या नावाने 1836 मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केला. बेपत्ता माणसांच्या शोधात आज पोलीस ज्या गोष्टी करतात, म्हणजे शेवटचे ठिकाण निश्चित करणे, सोबतच्यांची चौकशी, माहितीची देवाणघेवाण, त्यांचे हे हाताने लिहिलेले जुने रूप होते.

1835 मध्ये ते ठगी निर्मूलनाचे सर्वाधिकारी झाले आणि त्यांचे मुख्य ठाणे जबलपूरला आले. 1831 ते 1837 या काळात 3,266 जण पकडले गेले. त्यांपैकी 412 जणांना फाशी झाली, 483 जण माफीचे साक्षीदार झाले, उरलेल्यांना काळे पाणी वा कैद मिळाली, असा जुन्या संदर्भग्रंथांतील आकडा आहे. फाशीचे खटले मुख्यतः साक्षीदारांच्या बोलण्यावर चालले. साक्षीदाराला स्वतःचा जीव वाचवावयाचा होता आणि आरोपीला वकील नव्हता. एखाद्याने जुने वैर साधून नाव घेतले असेल, तर ते तपासण्याची हमी कोण देणार होते?

प्रश्न कायद्याचाही होता. कोणाचा खून, कोणी, केव्हा केला हे सिद्ध करावे, तर बहुतेक प्रेतांना नाव नव्हते. म्हणून 1836 चा तिसावा कायदा आला. विशिष्ट गुन्हा सिद्ध करण्याची गरज त्याने काढून टाकली. केव्हाही ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेसाठी पुरेसे झाले. नाहीशा झालेल्यांना न्याय द्यावयाचा तर दुसरा मार्ग कोणता, असे त्या काळी विचारले गेले असेल, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. परंतु माणूस काय करतो यापेक्षा तो कोणाचा आहे यावर शिक्षा ठरविण्याची ही वाट पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत गेली. महाराष्ट्रातील पारध्यांसारख्या समाजांना त्या कायद्याचा शिक्का स्वातंत्र्यानंतरही, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो अधिकृतपणे पुसला जाईपर्यंत, वागवावा लागला. लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही, हे पारध्यांच्या कोणत्याही पालावर जाऊन पाहता येते.

ठगी हा कालीच्या उपासकांचा देशव्यापी गुप्त पंथ होता, हे स्लीमन यांचे म्हणणेही आता तसेच्या तसे मानले जात नाही. मोडलेल्या फौजांतले बेकार शिपाई, दुष्काळ आणि लुटीत वाटा घेणारे जमीनदार यांचा हात त्यात मोठा होता, असे अलीकडचे अभ्यासक दाखवितात. ठगांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. शकुन आणि देवीचे नवस तर त्या काळी सगळेच पाळीत. कंपनीला आपली सत्ता न्याय्य ठरविण्यासाठी अशा भीषण पंथाची कथा सोयीची होती, हेही खरे. 1839 मध्ये मेडोज टेलर यांची ठगावरील कादंबरी लंडनमध्ये गाजली आणि ‘ठग’ हा शब्द इंग्रजीत कायमचा गेला. पण आमरायांतून निघालेली हाडे कादंबरीतली नव्हती. पंथाची कथा फुगविलेली असली, तरी माणसे खरोखरच नाहीशी झाली होती.

जबलपुरात माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुले यांच्यासाठी उद्योगशाळा काढण्यात आली. कॅप्टन ब्राऊन यांच्या देखरेखीखाली तेथे विटा, तंबूंचे कापड आणि सतरंज्या तयार होऊ लागल्या. या शाळेतील मुलांविषयी एक गोष्ट नजरेआड होते. ठग पुष्कळदा मारलेल्या वाटसरूंची लहान मुले ठेवून घेत व आपलीच म्हणून वाढवीत. आपले खरे गाव व कुळ कोणते, हे त्यांतल्या कित्येकांना कधीच कळले नसेल. नकाशे आणि वंशावळी यांच्यातून या मुलांचा माग निघाला नाही.

लहान मुलांच्या नाहीसे होण्याने स्लीमन यांना उत्तरायुष्यातही गाठले. 1843 ते 1849 ग्वाल्हेर आणि 1849 पासून लखनौ येथे ते रेसिडेंट होते. अवधमधील भ्रमंतीत त्यांनी लांडग्यांनी उचलून नेलेल्या व वर्षांनंतर सापडलेल्या मुलांच्या हकिकती गोळा केल्या. 1852 मध्ये त्यांची छोटी पुस्तिका इंग्लंडमध्ये छापली गेली. सुलतानपूरजवळ 1847 मध्ये एका स्वाराने पकडलेला मुलगा चार पायांवर धावत असे, कच्चे मांस खात असे आणि बोलत नसे. कॅप्टन निकोलेट्स यांच्या नोकरांनी त्याला सांभाळले. 1850 मध्ये तो मरण पावला. दुसऱ्या एका प्रकरणात, तीन वर्षांचा असताना नाहीसा झालेला मुलगा सहा वर्षांनी सापडला. गुडघ्यावरील भाजल्याच्या जुन्या डागावरून आईने त्याला ओळखले व घरी नेले. पण तो तिला ओळखेना, बोलेना, माणसांत रमेना. काही काळाने तिने हात टेकले आणि तो गावाच्या दयेवर राहिला. अशी मुले बहुधा जन्मतःच मतिमंद व सोडून दिलेली असावीत, असे आजच्या तज्ज्ञांना वाटते आणि लांडग्यांचा भाग संशयास्पद मानला जातो. तरी त्या आईने गुडघ्यावरचा डाग तपासला, तो क्षण संशयास्पद म्हणता येत नाही. हरवलेल्याची ओळख पटविण्याचे त्या काळी एवढेच साधन होते.

कायद्याने यावर एक कोरडा तोडगा पुढे काढला. सात वर्षे ज्याची वार्ता नाही, तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. 1872 च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 111 व्या कलमात कायम आहे. वारस, विमा, पेन्शन यांचा त्यामुळे निकाल लागतो. ‘साठ रूह’ मधील माणसांच्या नातलगांना तेवढाही आधार नव्हता.

स्लीमन यांच्या नावावर आणखी एक शोध आहे आणि त्यातही हरवण्या-सापडण्याची कथा आहे. 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर त्यांना काही प्रचंड अश्मीभूत हाडे सापडली. ती आशियात मिळालेली डायनोसोरची पहिली हाडे होती. 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. त्यानंतर मूळ हाडांचा पत्ता लागेना. अखेर 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात धनंजय मोहबे व शुभाशिष सेन यांना ती मिळाली.

लखनौत स्लीमन यांनी नबाबाच्या कारभारावर कठोर टीका केली. पण अवध खालसा करण्यास त्यांचा विरोध होता. राज्य हडपले तर शिपायांच्या मनात विष कालवले जाईल, असे त्यांना वाटत होते. बंगाल लष्करातील असंख्य शिपाई अवधचेच होते आणि रस्त्यावर नाहीसे होणाऱ्या शिपायांची घरेही त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांचे ऐकले गेले नाही. प्रकृती ढासळल्याने जानेवारी 1856 मध्ये ते पत्नीसह ‘मोनार्क’ जहाजाने निघाले. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अवध खालसा झाले, आणि त्याच दिवसांत, 10 तारखेला, सिलोनजवळ त्यांनी देह ठेवला. सत्तेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेला ‘सर’ हा किताब जाहीर होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. त्यांना समुद्रातच सोडण्यात आले.

जबलपूरहून कटनीकडे जाताना वाटेत स्लीमनाबाद नावाचे स्थानक लागते. रस्त्याकाठच्या या वस्तीला स्लीमन यांनी जमीन दिली होती. मूल व्हावे म्हणून त्यांच्या पत्नीने येथील देवळात नवस केला आणि मुलगा झाल्यावर दिवा लावला, अशी कथा गावात सांगितली जाते. जुन्या मिर्झापूर रस्त्यावरून आज रात्रंदिवस मालट्रक धावतात, आणि कडेच्या आमरायांपैकी थोड्याच आता उभ्या आहेत.